पीळ पडलेली फळी: 28 मिमीतून सपाट 22 मिमी निघेल का?

फळीवाला
मंडळी, 900 मिमी लांब, 280 रुंद आणि 28 जाड अशी एक अखंड फळी आहे. सपाट पृष्ठावर ठेवली की डुगडुगते. एक कोपरा दाबला की कर्णातला समोरचा 6 मिमी उचलतो. शिवाय रुंदीत 2 मिमी बाक आहे. तयार जाडी 22 हवी. थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं यंत्र) आणि हातरंधा दोन्ही आहेत. सरळ थिकनेसरमधून काढली तर?

सुतारपक्षी
नको. थिकनेसरचे रूळ फळीला यंत्राच्या टेबलावर दाबून धरतात. तेवढ्यापुरता पीळ दबतो, बाहेर पडली की फळी परत पिळते. जाडी एकसारखी मिळेल, सपाटपणा नाही. आधी एक बाजू सपाट हवी.

तुमच्या मापात सगळा हिशोब पाचरांचा आहे. तीन कोपरे टेकवून चौथा खाली आणायला गेलात तर पिळात 6 आणि बाकात 2 जातील, उरतील 20. तेच 6 कर्णातल्या दोन उचललेल्या कोपऱ्यांत वाटा, प्रत्येकाखाली 3 मिमीची पाचर. मग पिळात 3, बाकात 2, उरतील 23. म्हणजे साफसफाईला 1 मिमी. जेमतेम आहे, पण बसतं.

फळीपेक्षा थोडा मोठा, सरळ 18 मिमी प्लायचा तुकडा घ्या. खोलगट बाजू खाली करून फळी त्यावर ठेवा, पाचरा हॉट ग्लूने चिकटवा. मध्येही आधार द्या, नाहीतर रुळाखाली फळी लवते. पाचर ठोकून बसवू नका, नुसती सरकवून टेकवायची. ठोकलीत तर फळीच वाकते आणि तो बाक कापणीत उतरतो. एका फेरीत अर्धा मिमी. वरची बाजू पूर्ण साफ झाली की प्लाय काढा, फळी उलटा आणि दुसरी बाजू नेहमीसारखी काढा.

रंधेकरी
280 रुंदी तुमच्या थिकनेसरमध्ये मावत नसेल तर हातरंधा. पाचरा तशाच. दोन टोकांना दोन सरळ, एकसारख्या उंचीच्या पट्ट्या आडव्या ठेवा आणि डोळा खाली नेऊन जवळच्या पट्टीवरून लांबची बघा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. पट्ट्या 560 मिमीच्या घेतल्या तर पीळ दुप्पट दिसतो, चुकायला जागा राहत नाही.

आधी फक्त दोन उंच कोपरे उतरवा. मग रंधा लाकडाच्या रेषांना आडवा मारा. आडवं लाकूड लवकर निघतं आणि उलट्या रेषा खोल फाटत नाहीत. मात्र पलीकडची कड आधी थोडी तिरकी छाटून घ्या, नाहीतर तिथे ढलपी उडते. पट्ट्या जुळल्या की लांब रंधा, आधी तिरका, शेवटी रेषांच्या दिशेने, पातं अगदी कमी बाहेर. सलग, पूर्ण लांबीचा छिलका निघू लागला की थांबा.

फळीवाला
1 मिमी फारच कमी वाटतंय. आणि शेवटी घासायचं कसं?

सुतारपक्षी
कमीच आहे. लाकूड निघालं की आतला ताण सुटतो आणि फळी पुन्हा हलू शकते. फळी टेबलाच्या वरच्या भागासाठी असेल तर मी ती मधोमध चिरेन. 140 च्या दोन फळ्यांत पीळ निम्मा होतो, बाक तर पाव. म्हणजे पिळात 1.5 आणि बाकात 0.5, तुकड्यामागे 26 हातात. दोन्ही तुकडे 24 पर्यंत आणा, दोन्ही बाजूंना हवा लागेल असे काही दिवस कडेवर उभे ठेवा, मग 22.5 करून जोडा. जोडाची रेघ दिसेल, पण रेषा नीट जुळवल्या तर नजर अडकत नाही.

घासताना 80 नंबरच्या सँडपेपरची गरज रंध्याच्या खुणा राहिल्या असतील तरच. नाहीतर 120, 150, 180. प्रत्येक नंबरआधी पेन्सिलने नागमोडी रेघा मारा, त्या सगळ्या पुसल्या की पुढचा कागद. हाताने घासत असाल तर कागद बुचाच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी मऊ रेषा आधी झिजतात आणि पृष्ठ लहरी होतं. ऑर्बिटल सँडरवर जोर देऊ नका, गोल ओरखडे पडतात आणि ते पॉलिश चढल्यावरच दिसतात. पाण्याचं पॉलिश असेल तर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, उभे राहिलेले तंतू 220 ने हलकेच काढा.

पॉलिश दोन्ही बाजूंना सारखं द्या. खालची बाजू कोरी ठेवलीत तर ती दमट हवा लवकर ओढते आणि फळीला परत बाक येतो.