हरत्या सीझनमधली घरची मॅच: तुमचे अनुभव

या वेळचा धागा बेसबॉलचा. आयपीएलमध्ये आपल्या संघाचं नशीब फुटलं तरी दोन महिन्यांत सुटका होते. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये वर्षाला १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. काही खरं नाही हे एप्रिलमध्येच कळतं आणि तिकिटं मात्र सप्टेंबरपर्यंतची घेऊन ठेवलेली असतात. जिंकत्या संघाचे किस्से सगळेच सांगतात. हरत्या संघाच्या घरच्या मॅचला जाणाऱ्यांनी इथे लिहा. का गेलात, काय खाल्लंत, शेजारी कोण होतं?

नेपरव्हिलकर (शिकागो व्हाइट सॉक्स, २०२४)

सुरुवात मीच करतो, कारण १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये आमच्याइतकं कुणीच हरलेलं नाही. ४१ विजय, १२१ पराभव. जुलै-ऑगस्टमध्ये तर सलग २१ हार. ऑफिसमधले कब्जवाले (शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे, ‘कब्ज’चे चाहते) आधी चिडवायचे, नंतर विचारपूस करायला लागले. ते जास्त लागलं.

तरी मुलाला घेऊन जात राहिलो. रेड लाइनने ३५व्या स्ट्रीटला उतरायचं, मक्याचे दाणे घ्यायचे, त्यावर चीज आणि तिखट. त्या वर्षी तिथला कॅम्पफायर मिल्कशेक इतका गाजला, की मिल्कशेकची रांग तिकिटाच्या रांगेपेक्षा मोठी असायची. आमचा पिचर (बॉल टाकणारा) गॅरेट क्रोशेची बारी असेल तो दिवस शक्यतो चुकवायचा नाही. पठ्ठ्याने १४६ इनिंग्जमध्ये २०९ जणांना स्ट्राइक-आऊट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि तरी त्याच्या नावावर सहा विजय, बारा पराभव! मागच्यांनी धावाच केल्या नाहीत तर तो तरी काय करणार?

स्टँड रिकामा असला की शेजारी खरे जाणकार सापडतात. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा एकटेच स्कोअरकार्ड भरत बसायचे. त्यांनी मुलाला शिकवलं: फिल्डिंगच्या प्रत्येक जागेला नंबर, शॉर्टस्टॉप सहा, सेकंड बेस चार, फर्स्ट बेस तीन, म्हणून डबल प्ले (एका फटक्यावर दोघे बाद) ‘६-४-३’. बॅटर तिसऱ्या स्ट्राइकला नुसता बघत उभा राहिला तर इंग्रजी ‘के’ उलटा काढायचा. भरलेल्या स्टेडियममध्ये हे शिकवायला कुणाला उसंत असते?

२४ सप्टेंबरची रात्र मात्र विचित्र होती. १२० पराभव झालेले, समोर एंजल्सचा संघ, आणि आणखी एक हार म्हणजे १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम मोडणार. लोक चक्क तो पराभव बघायला आले होते. नऊपैकी सातव्या इनिंगअखेर ०-२. ‘सेल द टीम’च्या (मालकांनो, संघ विका) घोषणा जोरात. आणि आठव्यात आमच्यांनी तीन धावा काढून मॅच जिंकली! टाळ्या वाजवाव्यात की पैसे परत मागावेत हे कुणालाच कळेना. पुढचे दोन दिवसही तेच. एंजल्सवर तिन्ही मॅच जिंकल्या आणि विक्रमी हार खायला संघ डेट्रॉइटला गेला.

कोथरूडकर

बेसबॉल मला ओ की ठो कळत नाही. पण हरणार हे माहीत असताना डॉलर मोजून जायचं? हे काय व्रत आहे का?

नेपरव्हिलकर

साहेब, हिशेब मांडतो. क्रिकेटमध्ये तळाचा संघ सगळं हरू शकतो. इथे सगळ्यात वाईट संघही चारातली एक जिंकतोच. त्या वर्षी आम्ही घरी २३ जिंकलो. त्यातली एखादी आपल्या वाट्याला येईल या आशेवर माणूस जातो. लॉटरीपेक्षा शक्यता बरी.

फ्रीमाँटची काकू (ओकलंड ए’ज, २०२३)

आमच्याकडे हरण्याचं दुःख नव्हतंच हो. राग होता. संघ लास व्हेगासला न्यायचा घाट घातलेला, चांगले खेळाडू आधीच विकलेले, आणि वर म्हणायचं काय, तर ओकलंडमध्ये प्रेक्षक येत नाहीत. त्या वर्षी ११२ पराभव झाले. मे महिन्यात एका रात्री अधिकृत आकडा होता २,०६४. आमच्या मंडळाच्या गणपतीला याहून जास्त पानं उठत असतील.

मी लेकीबरोबर जायचे. निवृत्तीनंतर मला दुसरा उद्योग नव्हता. बार्टमधून (तिकडची लोकल) उतरलं की पुलावरच हॉटडॉगचा धूर. डब्यात मेथीचे पराठे. कोलिझियम, म्हणजे आमचं स्टेडियम, नुसतं उघडं काँक्रीट, भटकी मांजरं, आणि पाहुण्या समालोचकांच्या खोलीत चक्क पॉसम (मांजराएवढा रानटी प्राणी) राहायला आलेला! पण उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये (उघड्या बाकांवर) ढोल वाजायचे. पुण्याच्या माणसाला आणखी काय लागतं?

१३ जूनला लोकांनी बहिष्काराच्या उलटा बेत केला. येत नाहीत म्हणता ना, मग एक दिवस सगळे येतो. २७,७५९ माणसं, बहुतेकांच्या अंगात ‘सेल’ लिहिलेला हिरवा टी-शर्ट. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला पहिल्या बॅटरपुरते सगळे उभे आणि चिडीचूप, आणि मग एकदम जो गजर झाला! समोर टँपा बे रेज होते, तेव्हा लीगमधला सर्वांत यशस्वी संघ. २-१ने हरवलं त्यांना. त्याच दिवशी तिकडे नेव्हाडाच्या (लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या) सिनेटने नव्या स्टेडियमसाठी पैसे मंजूर केले. मी आजतागायत त्या मालकांचं नाव तोंडाने घेत नाही.

२६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडमधली शेवटची मॅच झाली. स्टेडियम भरलेलं, ३-२ने जिंकलो. मैदान सांभाळणारे लोकांना तिथली माती देत होते. लेकीने घेतली, मी नाही घेतली. आता संघ सॅक्रामेंटोजवळ खेळतो. तसं लांब नाही, पण पाय उचलत नाही.

ट्रॉयचा जुना भिडू (डेट्रॉइट टायगर्स, २००३)

नेपरव्हिलकर, आमचा अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) रेकॉर्ड तुम्ही नेलात, धन्यवाद. २००३ला आम्ही ११९ हरलो होतो. मी एच-वनवर नवा नवा आलेलो, गाडी जुनी, मित्र कमी. संघाची सुरुवात सलग नऊ पराभवांनी. एप्रिलमध्ये कोमेरिका पार्कमध्ये थंडीने दात वाजायचे आणि मैदानावर आमचे वाजवले जायचे. माइक मॅरॉथ हा पिचर एकवीस मॅच हरला. वीस पराभव होणार म्हटल्यावर पिचरला विश्रांतीच्या नावाखाली बसवायची पद्धत होती, हा मात्र पाचव्या दिवशी मुकाट बॉल घेऊन हजर. त्या वर्षी मला नोकरीत काही धड जमत नव्हतं, त्यामुळे तो माझा हिरो झाला.

सीझनच्या शेवटच्या शनिवारी, २७ सप्टेंबरला, मिनेसोटा ट्विन्ससमोर ०-८ने मागे. आणखी एक हरलो असतो तर १२०. अर्धे लोक पार्किंगमध्ये. ती मॅच आम्ही ९-८ने जिंकली, दुसऱ्या दिवशीची पण. तो जल्लोष तुम्ही पाहायला हवा होता, जणू वर्ल्ड सिरीजच (सीझनची अंतिम लढत)! तीन वर्षांनी संघ खरंच वर्ल्ड सिरीजला गेला, तिथे हरला. खरं सांगायचं तर मला २००३ची ती संध्याकाळ जास्त आठवते.

आणि गंमत बघा, २०२४मध्ये तारीख तीच, २७ सप्टेंबर, मैदान तेच. तुमचा १२१वा पराभव आम्ही केला आणि त्याच विजयाने दहा वर्षांनी प्लेऑफला पोचलो. मी होतो तिथे. तुमच्या पिवळ्या पडलेल्या पोरांकडे बघून टाळ्या जरा हळू वाजवल्या.

माजी पिट्सबर्गकर

आमचं थोडक्यात. पायरेट्स १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन निम्म्याहून जास्त हरले. मी शिकायला गेले तेव्हा त्यातले शेवटचे चालू होते. क्लेमेंटे पूल चालत ओलांडायचा, पलीकडे नदी आणि शहर दिसेल अशी सीट धरायची, मधल्या ब्रेकमध्ये पिरोगीच्या (उकडलेल्या करंजीसारखा पदार्थ) वेशातल्या लोकांची धावण्याची शर्यत बघायची. बहुतेकदा तेवढीच चुरस. जाता जाता: भारतातल्या टीव्ही स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८मध्ये करारबद्ध केलं ते याच पायरेट्सनी. दोघे खालच्या लीगमध्ये खेळले.

डेन्व्हरवासी (कोलोरॅडो रॉकीज, २०२५)

११९ पराभव, टायगर्सशी बरोबरी. १० मेला नाशिकहून आलेल्या मावसभावाला हौसेने त्याची पहिली मॅच दाखवायला नेलं. ०-२१. तो मध्येच विचारतो, ‘ताई, आपली बॅटिंग कधी?’ म्हटलं, ‘अरे, होऊन गेली की!’ दुसऱ्या दिवशी संघ ९-३ने जिंकला आणि त्यानंतर मॅनेजरला काढलं. हे लॉजिक त्याला अजून समजावून सांगता आलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: आमच्याकडे राग येत नाही, हाच प्रॉब्लेम आहे. एवढं हरूनही वर्षभरात वीस लाखांहून जास्त लोक आले. हवा छान, बिअर थंड, डोंगर समोर. मग संघ सुधारायची घाई कुणाला? ओकलंडच्या काकूंचा राग थोडा इकडे पाठवा.

कोथरूडकर

जूनमध्ये मुलाकडे डेन्व्हरला येतोय. तो मॅचला नेईन म्हणतोय. कुठे बसावं?

डेन्व्हरवासी

काका, फर्स्ट बेसच्या बाजूला, वरचा मजला. तिथून डोंगरामागे मावळणारा सूर्य दिसतो. वरची जांभळी रांग समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल उंचीवर आहे, तिथे फोटो काढा. स्वेटर आणा. सातव्या इनिंगच्या मधे सगळे उठून गाणं म्हणतात, तेव्हा मॅच संपली समजून निघू नका.