८०-९० ला ऑटोमॅटिक गियर सारखे बदलतात. गियरबॉक्स उघडावाच लागेल का?

अजिंक्यतारा_११ (सातारा)
मंडळी, पेट्रोल गाडी, ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गियरबॉक्सला देणारा भाग), ९२,००० किमी. गियरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. शेंद्र्यापासून उंब्रजपर्यंत सपाट हायवेवर ८०-९० ला हलका अ‍ॅक्सिलरेटर धरला की आरपीएमचा काटा १९०० वरून २२०० वर जातो, परत खाली येतो. गाडी गतिरोधकाच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. खंबाटकी चढताना काही नाही. चेक लाइट नाही. गॅरेजवाले ओव्हरहॉल (गियरबॉक्स पूर्ण खोलून दुरुस्ती) सांगतायत.

कृष्णाकाठ (कराड)
थांबा, एवढ्यात खोलू नका. आधी काट्याचा हिशेब करा. बहुतेक ६ स्पीडमध्ये सहाव्यातून पाचवा पडला तर १९०० चा काटा २४०० च्या आसपास जातो. तुमचा २२०० ला थांबतो, म्हणजे गियर बदलतच नाहीये, कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गियरबॉक्स थेट जोडणारा) सुटतोय आणि धरतोय. घाटात खालच्या गियरला लॉक-अप बहुधा सुटलेला असतो, म्हणून तिथे त्रास नाही.

रस्ता मोकळा बघून, मागे कुणी नसताना, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पॅडल नुसतं स्पर्शापुरतं दाबा, मागचा दिवा लागेल एवढंच. लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी गेली तर दोष लॉक-अपचा. काही गाड्यांत ब्रेक लागताच इंजिन पॉवर कापतं, म्हणून पहिल्या सेकंदातच काय झालं ते बघा. तरीही थरथरली तर आधी प्लग, कॉइल तपासा. मिसफायर हुबेहूब असाच भासतो.

मिरज_वर्कशॉप
कृष्णाकाठांशी सहमत. पुढे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावा, दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून. तीन आकडे एकत्र बघायचे: लॉक-अप कमांड (क्लच धरायचा कॉम्प्युटरचा हुकूम), स्लिप (इंजिन आणि गियरबॉक्सच्या फिरण्यातला फरक), ब्रेक स्विच. कमांडच चालू-बंद होत असेल तर दोष बाहेर आहे: ब्रेक पॅडलचा स्विच सैल, किंवा थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज मध्येच तुटतोय (अ‍ॅक्सिलरेटर सावकाश दाबताना तो सलग वाढला पाहिजे, उडी नको). कमांड स्थिर आणि स्लिप उडत असेल तर दोष आत. पूर्ण लॉक झाल्यावर बऱ्याच गाड्यांत स्लिप ५० आरपीएमच्या आत राहते. चेक लाइट नसला तरी पेंडिंग कोड (नोंद झालेला, पण अजून दिवा न लावलेला दोष) वाचा, लॉक-अपच्या दोषाचा पी०७४१ मिळू शकतो.

अजिंक्यतारा_११
ब्रेक टेकवताच थरथर बंद. कमांड स्थिर, ब्रेक सिग्नल स्थिर, स्लिप ४० ते २६० अशी उडते. ऑइल काळपट तपकिरी, जळकट वास नाही.

मिरज_वर्कशॉप
मग सुरुवात ऑइलपासून. जुन्या ऑइलची घर्षण सांभाळणारी रसायनं संपली की क्लच धरताना घसरतो, लगेच चिकटतो, तीच थरथर. ऑइल दुधाळ गुलाबी असतं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय समजलो असतो, तुमचं तसं दिसत नाही.

निचऱ्यात बहुतेक ३-४ लिटरच येतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदाच बदलून भागत नाही. निम्मं धरलं तर दुसऱ्या वेळी ७५ आणि तिसऱ्या वेळी ८७ टक्के नवं होतं. मधे २००-३०० किमी चालवा. जेवढं निघालं तेवढंच मापून भरा, आणि लेव्हल गाडी सपाट, इंजिन चालू, ऑइल पुस्तकात दिलेल्या तापमानाला असतानाच बघा. थंड ऑइलवर लेव्हल केली तर गरम झाल्यावर कमी-जास्त निघणारच. ग्रेड कंपनीने सांगितलेलीच. ‘सगळ्याला चालतं’ म्हणणाऱ्या डब्याला हात लावू नका.

पॅन (गियरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उतरवलाच तर त्यातलं चुंबक बघा. राखाडी बारीक लगदा चालतो. चकचकीत लोखंडी कीस किंवा क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे दिसले तर ऑइलवर खर्च थांबवा.

कृष्णाकाठ (कराड)
शेवटच्या भरणीनंतर स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन (गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकलेल्या जुन्या सवयी) रीसेट करून १५-२० किमी हलक्या पायाने चालवा. तिसऱ्या निचऱ्यानंतरही स्लिप १०० च्या वर उडाली, तर लॉक-अपचा सोलेनॉइड (ऑइलचा दाब सांभाळणारी विजेची झडप) आणि त्याच्या वायरचा कपलर तपासून मग कन्व्हर्टरचं बघा. तो बदलायला गियरबॉक्स उतरवावा लागतो, पण आतले गियर-क्लच खोलायचं कारण अजून दिसत नाही. गॅरेजला हे स्पष्ट सांगा आणि ओव्हरहॉलचं कोटेशन वेगळं लिहून मागा.