मदत हवी आहे: दिव्यांग मुलांना खेळात कसं घ्यायचं, हे शिक्षकांना दोन तासांत कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालंय, एवढ्या भांडवलावर केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेतले दोन तास माझ्या गळ्यात घातलेत. विषय, दिव्यांग विद्यार्थी आणि शारीरिक शिक्षण. समोर पस्तीसेक शिक्षक, हाताशी शाळेचं मैदान आणि खर्चाला शून्य रुपये.

याच विषयाच्या एका प्रशिक्षणाला मी पूर्वी बसले आहे. दिवसभर पडद्यावर २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, दिव्यांगत्वाचे २१ प्रकार, त्यांच्या व्याख्या. जेवणानंतर निम्मे लोक पेंगत होते, त्यात मीही. मैदानावर कुणी पाऊलही ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत दप्तरं राखणारी मुलगी दप्तरंच राखत बसली.

माझीही चूक सांगते. वॉकर घेऊन चालणाऱ्या एका मुलाला मी दोन वर्षं शिट्टी देऊन पंच केलं. मला वाटायचं, मान देतेय. एक दिवस त्यानं विचारलं, "बाई, पंचावर राज्य कधी येतं?"

तर असं काय करून घेऊ, की हे शिक्षक सोमवारी आपापल्या मैदानावर करून बघतील? आमच्या केंद्रातल्या शाळांमध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं), अंधुक दृष्टी, कर्णबधिर आणि डाउन सिंड्रोम असलेली मुलं आहेत. शिवाय "पोरगं पडलं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न येणारच. (आणि लंगडी या खेळाचं नाव त्या मुलांसमोर घेताना तुमचीही जीभ अडखळते का?)

विशेष_शिक्षक:
मॅडम, पडदा लावूच नका. आल्या आल्या सगळ्यांना मैदानात उतरवा. जुना फुटबॉल कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, घरंगळला की आवाज येतो. सुतळी आखून तिच्यावर चिकटपट्टी लावा, रेष पायाला आणि हाताला कळते. गोलबॉल हा अंध खेळाडूंचा खेळ असाच चालतो. दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू आणि सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे कुणाला किती दिसतं हा प्रश्नच संपतो.

पण पट्टीवर थांबू नका. दहा मिनिटं पट्टी बांधलेला माणूस "अरेरे, बिचारी मुलं" म्हणत घरी जातो, आणि ते आपल्याला नकोय. खरं काम पुढे आहे. पाच-पाच जणांचे गट करा, प्रत्येकाला चिठ्ठी द्या: "खो-खो, एक मूल वॉकरवर." बदलायला चार गोष्टी: जागा, काम, साधन, माणसं. पंधरा मिनिटांत नियम ठरवायचे आणि लगेच खेळून दाखवायचं. कागदावर जमलेला नियम मैदानावर फसतो, तिथंच शिकणं होतं. आमच्याकडे एका गटानं वॉकरवाल्याला खांबाजवळ स्टुलावर बसवलं. खो मिळाला की त्यानं दिशा ओरडायची आणि जोडीदारानं पळायचं. फसलं, कारण जोडीदार त्याचं ऐकेचना! मग त्यांनी ठरवलं, चुकीच्या दिशेला पळाला तर फाउल.

बोचिया नक्की घ्या. पांढरा चेंडू टाकायचा, आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. गोट्या खेळलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जुने मोजे भरून चेंडू होतात. हातात जोर नसेल त्याला पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ द्या, मात्र तिच्यासाठी गोल, घरंगळणारा चेंडू लागेल.

जुना_पीटीमास्तर:
सुरुवातीला मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा. आपल्या सांगली जिल्ह्याचा माणूस, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. अंगावर काटा येतो.

विशेष_शिक्षक:
सर, पेटकरांबद्दल आदर आहेच. पण चौथीतल्या पोराला सुवर्णपदक नकोय, त्याला विषामृतात घ्यायला हवंय. ती गोष्ट ऐकून शिक्षक टाळ्या वाजवतील आणि चहाला जातील.

माळरान:
सुरक्षेचं तेवढं काटेकोर सांगा. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय कोलांटी, शीर्षासन किंवा मानेवर भार येईल असं काही नको. फिट येणाऱ्या मुलाच्या पालकांशी आधी बोला. कर्णबधिर मुलांसाठी शिट्टीसोबत रंगीत रुमाल हलवा, आणि सूर्य तुमच्या पाठीशी नको, नाहीतर त्यांना तुमचे ओठ दिसत नाहीत. जबाबदारीचा प्रश्न आला तर त्याच कायद्याचं कलम १६ सांगा: शाळेनं खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्यायची आहे. कायद्यावर एवढंच बोला.

लंगडीचं म्हणाल, तर आम्ही "एकपायी" म्हणतो. मुलांना आठवड्यात सवय झाली, शिक्षकांना वर्ष लागलं.

धागाकर्ती:
खूप आभार. चिठ्ठ्यांचा प्रकार पक्का केला. पेटकरांची गोष्ट शेवटी, वेळ उरला तर. आणि तो शिट्टीवाला मुलगा आता सातवीत आहे. त्याच्या आईला विचारून त्यालाच बोलावणार आहे, गटांनी केलेले नियम त्यानं खेळून बघायचे आणि पास-नापास ठरवायचं. काल त्याला विचारलं तर म्हणाला, "शिट्टी नका देऊ म्हणजे झालं."

एकच शंका: मोज्यात काय भरू? तांदूळ भरले तर खोलीतले उंदीर रात्रीत फस्त करतील.

विशेष_शिक्षक:
चाळलेली वाळू. आणि मोजा दुहेरी घ्या.