'संप मिटला' की 'संप मागे घेतला'?

प्रश्न : कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरच्या लेखांत १९७४चा रेल्वे संप कुठे 'मिटला', तर कुठे 'मागे घेतला' असं दिसतं. दोन्ही चालेल का? आणि त्यांच्या 'बंदसम्राट' या बिरुदातला बंद म्हणजे संपच का?

उत्तर : दोन्ही नाही चालणार, इथं 'मागे घेतला'च. दोन्ही बाजूंनी काही मान्य केलं, करार झाला, तर संप मिटतो. रेल्वेचा संप ८ मे १९७४ला सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगार त्यात होते. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष असलेल्या जॉर्ज यांना २ मेलाच अटक झाली होती. आठ तासांचा कामाचा दिवस, बोनस, वेतनवाढ या मागण्यांवर तडजोड झालीच नाही, उलट हजारोंची धरपकड झाली. वीस दिवसांनी कामगारांच्या बाजूनं संप एकतर्फी थांबवला. म्हणून 'मागे घेतला'. 'मिटला' लिहिलं की सरकारनं काही पदरात टाकलं असं वाटतं, आणि त्या कामगारांवर तो अन्याय आहे.

भर : मुंबईतल्या १८ जानेवारी १९८२च्या गिरणी संपाला यातलं एकही क्रियापद लागू नाही. तडजोड नाही, रीतसर माघारही नाही. तिथं 'ओसरला' किंवा 'विरला' म्हणावं.

उत्तर : बंद आणि संप वेगळे. संप कामगार मालकाविरुद्ध करतात. बंद सगळ्या शहराला पाळायला लावतात, त्यात टॅक्सी, दुकानं, शाळा सगळं आलं. व्यापारी दुकानं बंद ठेवतात तो हरताळ. मालकच कारखान्याला कुलूप लावतो ती टाळेबंदी. २०२० नंतर हा शब्द साथीच्या निर्बंधांना चिकटला, त्यामुळे कामगारविषयक मजकुरात 'मालकाची टाळेबंदी' असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

प्रश्न : मग मंत्री झाल्यावर? 'जॉर्जनी कोकण रेल्वे सुरू केली' बरोबर आहे का?

उत्तर : 'मार्गी लावली' म्हणा. ते डिसेंबर १९८९मध्ये रेल्वेमंत्री झाले, महामंडळ जुलै १९९०मध्ये स्थापन झालं, अर्थखातं तेव्हा मधु दंडवते यांच्याकडे होतं. पूर्ण मार्गावर गाडी धावली ती जानेवारी १९९८मध्ये. तेव्हा जॉर्ज रेल्वेमंत्री नव्हते. 'सुरू केली' लिहिलं तर मधली सात-आठ वर्षं आणि महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या हाताखाली डोंगर पोखरणारे कामगार वाक्यातून गळतात.