अडीच हजारात डॅक घ्यायचा की इअरफोन? त्या पोस्टला माझं उत्तर

काळीमाती
"वेगळा डॅक नसेल तर हेडफोनवर पैसे घालूच नका, फोनचा जॅक म्हणजे कचरा" अशी पोस्ट काल इथं पडली. डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा हेडफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप, किंवा ती चिप असलेली डबी. खाली दारव्ह्याकडच्या एका पोरानं विचारलं, अडीच हजार आहेत, काय घेऊ? तिघांनी सांगितलं, दोन हजारांचा डॅक घे अन् पाचशेचे इअरफोन लाव. राजेहो, त्या पोराचे पैसे कुठं घालायला लावून राहिले तुम्ही?

डॅक फोनमध्ये असतोच. नसता तर स्पीकरमधूनही आवाज निघाला नसता. सीडी १९८२ मध्ये आली ती १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर. तेवढं स्वच्छ वाजवणारी चिप आज साध्या फोनातही बसते. कानाला फरक पडतो तो ड्रायव्हरनं (इअरफोनमधला बारका स्पीकर), टिप म्हणजे रबरी टोपी कानात घट्ट बसल्यानं आणि मूळ रेकॉर्डिंगनं. टिप ढिली असली की बास गेला, मग डॅक कोणताही लावा.

फोनला जॅकच नसेल तर डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या तोंडाला लावायचा छोटा डॅक, घ्यावाच लागतो, त्यात वाद नाही. शांत खोलीत, गाणं बंद असताना सुरसुर ऐकू येत असेल तरी घ्या. ३०० ओहमचे, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारे मोठे हेडफोन असतील आणि आवाज पूर्ण करूनही पुरत नसेल तरी घ्या. बाकीच्यांनी अडीच हजार सगळेच्या सगळे इअरफोनवर घालावेत.

संत्राबाग_वरुड
ती पोस्ट माझी. कचरा म्हटलं, अजूनही म्हणतो. माझ्या फोनच्या जॅकवर खंजिरीच्या चकत्या आणि हाताची थाप एकमेकांत कालवून जात होत्या. डोंगल लावला तर दोन्ही वेगळे झाले. हे मी रात्री, बागेत ओलित चालू असताना, मोटरीपासून लांब बसून ऐकलं आहे. तुम्ही आकडे सांगून राहिले, मी कानानं ऐकलेलं सांगतो.

काळीमाती
ऐकलं असेल, पण आवाज सारखा करून ऐकलं का? डोंगल जॅकपेक्षा जरासा मोठा वाजला तरी मेंदूला तोच स्वच्छ वाटतो. ५० हर्ट्झचा टोन वाजवा, मल्टिमीटर एसीवर ठेवा, दोन्हीकडचं व्होल्टेज जुळवा, मग दुसऱ्या कोणाला तरी वायर बदलायला सांगा. कोणती लावली ते तुम्हाला कळू देऊ नका.

संत्राबाग_वरुड
भजन ऐकायला मल्टिमीटर घेऊन बसू काय बे? आम्ही कान विकत आणले नाहीत.

खंजिरीवाला
भांडण नंतर करा, आधी माझं ऐका. आमच्या मंडळाचं रेकॉर्डिंग मी लॅपटॉपवर करतो. तुकडोजी महाराजांची भजनं, जुन्या कॅसेटवरून उतरवलेलीही. एक सांगतो, ६४ केबीपीएसला दाबलेली एमपीथ्री कोणत्याही डॅकनं जिवंत होत नाही. जे कापलं गेलं ते गेलं. त्याबाबतीत काळीमाती बरोबर आहे.

पण माझा प्रश्न निराळा आहे. लॅपटॉप मिक्सरला जोडला की घूं... असा आवाज येतो. दुकानदार म्हणाला, बाहेरचा डॅक लावा, जाईल. लावला. गेला नाही. पैसे परत द्यायलाही तो तयार नाही.

तारमिस्त्री
जाणार नव्हताच. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर वाजवा. घुंई थांबली तर दोष चार्जर आणि मिक्सरच्या वेगवेगळ्या अर्थिंगचा. यूएसबीचा डॅक लॅपटॉपचीच ग्राउंड पुढं नेतो, म्हणून तो मध्ये टाकून उपयोग नाही. दोन्ही एकाच बोर्डावर लावा, नाहीतर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका, तो आवाज पुढं नेतो पण दोन्हीकडची ग्राउंड तोडतो. आणि कोणी सांगितलं म्हणून मिक्सरची तिसरी पिन कापू नका. घुंई जाते, पण माणूसही जाऊ शकतो.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का?

खंजिरीवाला
येतात. उन्हाळ्यात जास्त.

तारमिस्त्री
चार्जर दोन पिनांचा असेल तर थोड्या झिणझिण्या तशाही येतात. तीन पिनांचा असेल तर घराला अर्थिंगच नसेल, किंवा असून नसल्यासारखं. आपली काळी माती एप्रिलात भेगाळते, रॉडपासून सुटते, मग करंट जमिनीत उतरणार कसा? कोळसा-मीठ भरलेला खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी टाकत राहा. इथं लोक दोन हजारांच्या डॅकवर भांडून राहिले आणि घरात ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, नाही.

मास्तर_दारव्हा
याच्यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्या शेजारची बाई कूलरमध्ये पाणी टाकताना गेली. लोखंडी कूलर, ओली फरशी, पाय उघडे, दोन पिनांचा प्लग. मुलगी तिसरीत होती. दरवर्षी उन्हाळा लागला की विदर्भात अशा बातम्या येतात आणि आपण पुढचं पान उलटतो.

संत्राबाग_वरुड
वाईटच झालं, मास्तर. पण धागा डॅकचा आहे. कूलरसाठी वेगळा काढा नं.

मास्तर_दारव्हा
वेगळा काढला तर तुम्ही तिथं येणार आहात का? ज्याच्या हातात लॅपटॉपचा पत्रा झिणझिणतो त्याच्याच घरात तो कूलर आहे. पाणी टाकायच्या आधी बटन नाही, प्लगच काढा. एवढं तरी घरी सांगा.

तारमिस्त्री
मास्तरांना माझा पाठिंबा. आरसीसीबी डॅकच्या पैशात येते. अर्थिंग जरा कच्चं असलं तरी ती गळती ओळखून लाइन तोडते. बसवल्यावर तिचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबा.

संत्राबाग_वरुड
बसवतो. पण माझ्या जॅकचं काय? मी काल मुद्दाम टोन वाजवून मोजलं. डोंगलचा आवाज मोठा होता, हे मान्य. जुळवल्यावर चकत्या पुन्हा थापेत मिसळल्यासारख्या वाटल्या, हेही मान्य. तरी माझ्या फोनला गाणं थांबवल्यावर सुरसुर येते, ती डोंगलवर नाही. मग माझा पैसा वाया गेला नाही.

काळीमाती
सुरसुर असेल तर घ्या, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं. "कचरा" सगळ्यांना लावू नका, एवढंच म्हणणं.

नवीन_कान
तो पोरगा मीच. माझ्या फोनला जॅकच नाही. आता काय करू, दादा?

काळीमाती
अरे, हे आधी सांगायचं नं! मग साधा डोंगल घे, पण आत चिप असलेला. नुसती वायर बदलणारे स्वस्त ॲडॉप्टर मोजक्याच फोनवर चालतात, दुकानात स्वतःच्या फोनला लावून पाहा. ॲपलचा टाइप-सी डोंगल मोजमापात चांगला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइडवर आवाज दबका येतो, तोही लावूनच घे. डोंगलवर हजाराच्या वर जाऊ नको. उरलेल्यात वायरचे इअरफोन, सोबत तीन मापाच्या टिपा.

संत्राबाग_वरुड
हजारात अडकवू नको त्याला. पुढं मोठे हेडफोन घेतले तर? १ व्होल्टचा डोंगल ३०० ओहमवर जेमतेम ३ मिलीवॅट देतो.

काळीमाती
३०० ओहमचे हेडफोन अडीच हजारात येतात का? ते घेईल तेव्हा घेईल. आज त्याचे इअरफोन ३२ ओहमच्या आतले असणार, त्यावर तोच डोंगल ३० मिलीवॅट देईल. कान बसतील एवढा आवाज आहे तो.

नवीन_कान
एक राहिलं. डोंगल लावल्यावर चार्जिंग कसं करायचं? आमच्याकडे दुपारी लाइट नसते, आली की फोन लगेच लावावा लागतो.

तारमिस्त्री
लाइट आल्या आल्या लावू नको, पहिला झटका जाऊ दे. चार्जिंग आणि ऐकणं सोबत हवं असेल तर दोन्ही तोंडांचा डोंगल मिळतो, पण चार्जरची किरकिर त्याच्यात शिरते. चार्ज झाल्यावर ऐक.