घराजवळच्या इटालियनमध्ये सिसिलीचा वसंतातला मेनू: काय मागवावं?

निळी_छत्री

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटं इटालियन रेस्टॉरंट आहे. बारा टेबलं. मालकीणबाई स्वतः ऑर्डर घेतात, त्यांचे यजमान आत स्वयंपाक बघतात. दर ऋतूला ते इटलीतला एक प्रांत निवडतात आणि नेहमीच्या मेनूकार्डासोबत एक वेगळा कागद देतात. सध्या सिसिली आहे, एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंत. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'सिसिलीतला वसंत'.

गेल्या शनिवारी आम्ही दोघं जाऊन आलो. आधी कापोनाता मागवली. वांग्याची आंबटगोड भाजी, ती आली अगदी गार. मला वाटलं आत विसरून राहिली असेल, म्हणून गरम करून मागितली. मालकीणबाईंनी दिली करून, पण त्यांचा चेहरा उतरला. मग सार्डीनचा पास्ता आला. त्यावर किसलेलं चीज मागितलं तर म्हणाल्या, "माशावर चीज नाही," आणि भाजलेल्या पावाच्या चुऱ्याची वाटी समोर ठेवली. पास्त्यात बेदाणे होते! माशात बेदाणे! पहिले दोन घास मी बिचकत खाल्ले आणि नंतर नवऱ्याच्या ताटलीतलाही संपवला.

आता येत्या शनिवारी आम्ही सहा जण जाणार आहोत. एक मैत्रीण शाकाहारी आहे. कागदावर हे पदार्थ आहेत: पानेल्ले, लाल संत्र्यांचं सॅलड, कापोनाता, फ्रित्तेद्दा, सार्डीनचा पास्ता, पास्ता आल्ला नोर्मा (तळलेल्या वांग्याचा), तलवार माशाच्या गुंडाळ्या आणि शेवटी कान्नोली, म्हणजे आत गोड सारण भरलेल्या तळलेल्या कुरकुरीत नळ्या. सगळं मागवणं शक्य नाही. यातलं खरोखर या दिवसांतलं काय, आणि नुसतं सिसिलीचं नाव आहे म्हणून कागदावर आलेलं काय, हे कुणी सांगेल का? शिवाय मी कापोनाता गरम करून मागितली ते फारच चुकलं का? त्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

पानगळ

कापोनाता गारच खातात. म्हणजे फ्रिजमधली थंडगार नाही, खोलीच्या तापमानाला आलेली. आदल्या दिवशी करून ठेवली तर व्हिनेगर आणि साखर वांग्यात नीट मुरतात. गरम केली की व्हिनेगरचा वास नाकात जातो आणि बाकीच्या चवी मागे पडतात. त्यांना वाईट वाटलं असेल ते याचंच. पुढच्या वेळी तशीच खाऊन बघा, फरक कळेल.

चुलीजवळचा

धागा वाचला आणि राहवलं नाही. मी सिसिलीची राजधानी पालेर्मो, तिथल्या एका लहान खानावळीच्या स्वयंपाकघरात दीड वर्ष काम केलंय. दोन वसंत तिथे काढले, म्हणून या कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी फ्रित्तेद्दा मागवा. बाकी काही राहिलं तरी चालेल, हा पदार्थ सोडू नका. त्यात आर्टिचोक (कमळाच्या कळीसारखी दिसणारी, पानापानांची भाजी), ओले फावा बीन्स (वालासारखे मोठे, हिरवे दाणे) आणि ओले मटार असतात. आर्टिचोक हे थंडीचं पीक, ते संपत आलेलं असतं. फावा आणि मटार नुकते सुरू झालेले असतात. तिन्ही कोवळे एकाच वेळी हाताशी असतात ते जेमतेम काही आठवडे. त्याआधी फावा नसतात, त्यानंतर आर्टिचोक निबर होतो आणि त्याच्या पोटात केसाळ गाभा धरतो. आमच्याकडे सकाळी बाल्लारोच्या बाजारातून पेट्या यायच्या आणि आम्ही तिघं ओट्यापाशी उभे राहून दोन-दोन तास फक्त सोलत असायचो. फावाच्या शेंगा सोलायच्या, मग थोराड दाण्यांची साल नखाने काढायची. आर्टिचोकची बाहेरची पानं सोलत सोलत आतला फिकट भाग दिसेपर्यंत जायचं आणि लगेच लिंबाच्या पाण्यात टाकायचं, नाहीतर काळा पडतो. संध्याकाळी बोटं तपकिरी आणि कडू. मग पातीचा कांदा ऑलिव्ह तेलात घालून, आधी आर्टिचोक, मग फावा, मग मटार, झाकण ठेवून मंद आचेवर. भाज्यांचा चकचकीत हिरवा रंग जातो आणि ऑलिव्हसारखा मळकट हिरवा होतो. तो बघून लोक नाक मुरडतात, पण चव तिथेच असते. शेवटी चमचाभर व्हिनेगर, चिमूट साखर. हाही कोमट किंवा गार खातात, तेव्हा कृपया गरम करून मागू नका!

तुम्ही खाल्लेला सार्डीनचा पास्ता हाही याच दिवसांतला. सार्डीन मार्चपासून चांगली मिळायला लागते आणि रानबडीशेप तेव्हाच डोंगरउतारावर कोवळी असते. १९ मार्चला, सान ज्युसेप्पेच्या सणाला, पालेर्मोत हा पास्ता ठिकठिकाणी होतो. तो नीट केलाय की नाही हे ओळखायचा एक प्रश्न सांगतो. मालकीणबाईंना विचारा, "पास्ता कुठल्या पाण्यात उकडता?" रानबडीशेपेचा पाला आधी पाण्यात उकळतात, तो काढून चिरतात आणि त्याच हिरव्या पाण्यात बुकातीनी, म्हणजे आतून पोकळ असलेला जाडसर लांब पास्ता, शिजवतात. त्यामुळे पास्त्याला आतपर्यंत ती चव लागते. साध्या पाण्यात उकडून वरून पाला घातला तर दोन्ही वेगवेगळं लागतं. बेदाणे, चिलगोजे, केशर हे सगळं हवंच. नवव्या शतकात अरब सिसिलीत आले आणि पुढची दोनेक शतकं त्यांची सत्ता तिथे होती. गोड-खारट एकत्र आणण्याची ही रीत त्या काळाशी जोडली जाते. पालेर्मोच्या बाजारात बेदाणे आणि चिलगोजे एकाच पुडीत बांधलेले मिळतात, इतकी त्यांची जोडी पक्की आहे.

आणि पावाचा चुरा म्हणजे चीजची भरपाई म्हणून दिलेलं काहीतरी, असं समजू नका. चीज परवडत नव्हतं तेव्हा गरिबांनी शिळा पाव किसून तेलात परतला, हे खरं. पण आज ज्यांना परवडतं तेही या पास्त्यावर चुराच घालतात. तव्यावरून एक क्षण नजर हटली की तो करपतो. माझ्याकडून दोनदा करपला होता आणि दोन्ही वेळा मी नवा पाव किसायला बसलो.

लाल संत्र्यांचं सॅलड जरूर घ्या, पण लवकर घ्या, हंगाम उतरणीला लागलाय. ही संत्री एटना ज्वालामुखीच्या आसपासच्या मैदानात होतात. हिवाळ्यात तिथे दिवसा ऊन आणि रात्री चांगलाच गारठा असतो, त्या फरकामुळे गरात लाल रंग उतरतो. मोरो जात जवळजवळ जांभळी, तारोक्को नुसती लाली धरलेली आणि जास्त गोड. एप्रिलमध्ये मिळाली तर बहुतेक तारोक्कोच असेल.

नोर्मा मात्र मी आत्ता मागवणार नाही. वांगं हे उन्हाळ्याचं. जुलै-ऑगस्टमधलं वांगं तळल्यावर आतून लोण्यासारखं होतं, एप्रिलमधलं नुसतं तेल पितं. कापोनातालाही तोच नियम, पण तिच्यात व्हिनेगर, केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या), ऑलिव्ह बरंच सांभाळून घेतात. तलवार मासाही थोडा थांबला तर बरा. मेस्सिनाच्या सामुद्रधुनीत त्याची शिकार मे ते ऑगस्टच्या सुमाराला चालते.

आता शाकाहारी मैत्रिणीचं. पानेल्ले म्हणजे चण्याच्या पिठाचं पाणी घालून घोटलेलं पिठलं थापून, कापून तळलेलं, त्यात काही लपलेलं नसतं. फ्रित्तेद्दाही चालेल. संत्र्यांच्या सॅलडमध्ये काही जण अँचोव्ही किंवा हेरिंग हे मासे घालतात, तेव्हा विचारा. नोर्मावर किसतात ती खारवलेली रिकोत्ता (चीजसारखा दुधाचा पदार्थ), तिच्यात प्राण्याचं रेनेट, म्हणजे जनावराच्या पोटातून काढलेलं दूध घट्ट करायचं विरजण, असू शकतं. आणि कान्नोलीच्या नळीच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी असते. हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून आधीच विचारून ठेवा.

एटनाची_वाट

चुलीजवळचा, प्रतिसाद फार आवडला, पण नोर्माला असं बाजूला सारलेलं मला सहन होत नाही. मी सिसिलीतल्याच कातानिया शहरात राहिलेली. तिथे हा पास्ता बाराही महिने खातात. संगीतकार बेल्लिनी कातानियाचा, त्याचा 'नोर्मा' ऑपेरा १८३१ चा, आणि त्यावरूनच पास्त्याला नाव पडलं असं तिथलं प्रत्येक घर सांगतं. रागुझा प्रांतात वित्तोरियाच्या बाजूला मैलोनमैल हरितगृहं आहेत, तिथून वांगी आणि टोमॅटो हिवाळ्यातही येतात. एप्रिलमध्ये नोर्मा खाल्ला म्हणजे फसवणूक झाली असं नाही.

कापोनाताबद्दलही एक गोष्ट. वांग्याऐवजी आर्टिचोकची कापोनाता करतात, ती थंडीत आणि वसंतात. मी त्यांच्या जागी असते तर कागदावर तीच ठेवली असती.

चुलीजवळचा

आर्टिचोकच्या कापोनाताबद्दल शंभर टक्के मान्य, हे मला सुचायला हवं होतं. हरितगृहातली वांगी आमच्याकडेही यायची, तीही खरी. पण आमच्या मुख्य आचारीणबाई ती वांगी भाजून, कुस्करून वापरायच्या, तळायला कधीच घ्यायच्या नाहीत. त्यांचा हात बघून शिकलो, म्हणून माझं मत तसं झालंय. तुमच्या कातानियातल्या उन्हाळ्यातल्या नोर्मासमोर मात्र मी गप्प.

निळी_छत्री, एक राहिलं. कान्नोली मागवताना सांगा की ऑर्डर आल्यावरच भरा. रिकोत्ता रात्रभर निथळून चाळणीतून गाळली तरी तिच्यात ओल राहतेच. अर्ध्या तासात नळी मऊ पडते. मेंढीच्या दुधाची रिकोत्ता असेल तर याच दिवसांत खायची. हिवाळ्याच्या पावसाने कुरणं हिरवी असतात, उन्हाळ्यात ती वाळून जातात आणि दूध आटतं.

निळी_छत्री

मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार.

गेल्या गेल्या मालकीणबाईंना कापोनाताबद्दल सॉरी म्हटलं. त्या इतक्या खूश झाल्या की मला वाटलं आता मिठीच मारतील. पाण्याचा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी यजमानांनाच बाहेर बोलावलं. ते हातात पातेल्याचं झाकण घेऊनच आले आणि ते माझ्या नाकाखाली धरलं. झाकणाला आतून हिरवे थेंब लागले होते, बडीशेपेचा वास. बोलायची गरजच उरली नाही.

फ्रित्तेद्दा दोन मागवली, मग तिसरी. दिसायला खरंच मळकट आहे आणि माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा चमचा लावायलाही नकार दिला होता. मटार गोड, आर्टिचोक किंचित कडू, आणि शेवटी व्हिनेगरचा तो हलका चिमटा. तिसरी ताटली सासूबाईंनी स्वतःपुढे ओढून घेतली.

संत्र्यांच्या सॅलडमध्ये अँचोव्ही होती. मैत्रिणीसाठी त्यांनी वेगळं करून दिलं, नुसती संत्री, फेनेलच्या (बडीशेपेच्या जातीचा पांढरा कंद) पातळ चकत्या, काळे ऑलिव्ह आणि तेल. कान्नोलीच्या नळीत चरबी आहे हे त्यांनी विचारल्यावर लगेच सांगितलं, तेव्हा मैत्रिणीने एका वाटीत नुसती रिकोत्ता खाल्ली, वर संत्र्याची साल. ती म्हणते तिला सगळ्यात चांगलं तेच मिळालं.

कान्नोलीची एक तक्रार आहे. पहिल्या चार आल्या त्या आधीच भरलेल्या होत्या, चावल्यावर नळी वाकली. मी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी काही न बोलता ताटली परत नेली आणि नंतर आमच्या टेबलापाशीच रिकोत्ताची पिशवी घेऊन उभ्या राहून एकेक भरली. चावल्यावर कुर्रकन आवाज आला तेव्हा शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

निघताना बघितलं, मालकीणबाई काउंटरवर बसून सगळ्या कागदांवर फ्रित्तेद्दाच्या ओळीवर पेनने रेघ मारत होत्या. आर्टिचोक संपले म्हणे, आता पुढच्या वर्षी. मेनू अजून दोन आठवडे आहे. त्या जागी काय ठेवावं असं त्यांनी मलाच विचारलं. मी काय सांगू?

चुलीजवळचा

ताजे फावा मिळत असतील तर नुसते फावा. कोवळे, कच्चे, शेंगेसकट टेबलावर ठेवायला सांगा, सोबत पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा आणि पाव. शेंगा ज्याच्या त्याने सोलायच्या.

एटनाची_वाट

आणि सासूबाईंना पुन्हा न्या.