प्रति: व्याकरणाचा तास वेगळा ठेवावा का?

'आधी व्याकरण पक्कं करा, निबंध आपोआप सुधारेल' असं वर म्हटलंय, ते मला पटत नाही. आमच्या मालवणकडच्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तोंडपाठ असतात आणि वहीत 'मीठात', 'फूलाला' तसंच राहतं.

मी विषयच बदलते. 'पावसाळ्यातील एक दिवस' दिला की गाईडमधले हिरवे गालिचे हजर! त्याऐवजी 'रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) कशी ओढतात' ते लिहायला लावा. होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, मग दोन्हीकडून माणसं ओढायला. क्रम चुकला की बाकावरचा शेजारीच हरकत घेतो, आणि परिच्छेद कुठे तोडायचा तेही तिथेच कळतं.

व्याकरण त्याच मजकुरातून काढायचं. 'आम्ही दोर ओढतो' हा कर्तरी प्रयोग, क्रियापद कर्त्याप्रमाणे; 'आम्ही दोर ओढला' हा कर्मणी, क्रियापद कर्माप्रमाणे. 'दोर'च्या जागी 'दोरी' घाला, लगेच 'ओढली' होतं. म्हणजे क्रियापद कोणाचं ऐकतंय ते दिसतं. मीठ-मिठात, फूल-फुलाला हेही तसंच. शरीर-शरीरात यासारखे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र अपवाद, ते वेगळे सांगावेच लागतात.

उताऱ्यावर मी एकच प्रश्न धरून बसते: लेखक कोणाच्या बाजूने आहे, आणि कोणत्या शब्दावरून कळलं? त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ नसेल तर अर्धेच गुण.

आणि कच्च्या लेखनात 'मला'ऐवजी मालवणी 'माका' आलं तर लाल पेन उचलू नका हो. पक्कं करताना बदलता येतं. संवादात असेल तर मी राहूच देते.